सोळावे लागले की सोळा पूर्ण झाली? पडताळणीत रद्द झालेल्या एका निवडीचा इतिहास

१/ १८६९ साली लंडनमध्ये झालेल्या आयसीएस परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यापूर्वी या सेवेत शिरकाव करणारे हिंदी गृहस्थ एकच होते, १८६३ चे सत्येंद्रनाथ ठाकूर. परंतु निकालानंतर उमेदवारांच्या वयाची छाननी झाली आणि चौघांपैकी दोघांची नावे यादीतून वगळण्यात आली.

२/ ते दोघे म्हणजे सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद ठाकूर. परीक्षेसाठी वयाची मर्यादा १७ ते २१ वर्षे होती. सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा, म्हणजे १८६९ च्या वसंतात ते वीस वर्षांचे होते. मात्र १८६३ च्या अखेरीस कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी त्यांचे वय सोळा नोंदले गेले होते. आयोगाने हिशेब मांडला : तेव्हा सोळा, तर आता एकवीस उलटलेली. उमेदवार अपात्र.

३/ बेरीज बरोबर होती. फरक मोजण्याच्या रीतीत होता. आपल्याकडे पंधरा वर्षे पुरी झाली की ‘सोळावे लागले’ असे म्हणत आणि कोणी वय विचारले तर चालू वर्षच सांगत. इंग्रजी रीतीत केवळ पुरी झालेली वर्षे मोजली जात. १८६३ च्या डिसेंबरात सुरेंद्रनाथांना पंधरा पुरी होऊन सोळावे लागले होते. जन्मतारीख आणि विद्यापीठाची नोंद, दोन्ही आपापल्या जागी खरी होती.

४/ पणाला काय लागले होते? ही परीक्षा केवळ लंडनमध्येच होत असे. मार्च १८६८ मध्ये घर सोडून, समुद्रप्रवासाचा आणि परदेशी वास्तव्याचा खर्च सोसून सुरेंद्रनाथ तेथे पोहोचले होते. आता हाती आलेले पद जात होतेच, शिवाय वय चोरल्याचा कलंकही माथी बसत होता. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण आयोगाला पटले नाही.

५/ सुरेंद्रनाथांनी क्वीन्स बेंच न्यायालयाकडे परमादेशाची मागणी केली. आपले कायदेशीर कर्तव्य नीट न बजावणाऱ्या अधिकारी मंडळाला ते बजावण्याचा हुकूम म्हणजे परमादेश. हिंदुस्थानात वय कसे मोजतात, याविषयी कलकत्त्यातील प्रतिष्ठितांची प्रतिज्ञापत्रे मिळवण्यात आली. अखेर दोघांचीही नावे यादीत परत आली. दरम्यान १८७० साली सुरेंद्रनाथांचे वडील डॉ. दुर्गाचरण यांचे निधन झाले. मुलगा इंग्लंडमध्येच होता.

६/ पुढची हकीकत अधिक कठोर आहे. सिल्हेट येथे नेमणूक झालेल्या सुरेंद्रनाथांना एका खटल्याच्या कागदपत्रांतील चुकीच्या नोंदीवरून चौकशीला सामोरे जावे लागले आणि १८७४ साली ते बडतर्फ झाले. त्यानंतर बॅरिस्टरीची सनद मागितली, तर बडतर्फीचा दाखला देत तीही नाकारण्यात आली. एका कार्यालयातील शेरा दुसऱ्या दारापर्यंत पाठलाग करत आला. पुढे ते शिक्षक झाले, १८७६ साली इंडियन असोसिएशनच्या स्थापनेत अग्रभागी राहिले आणि १८९५ च्या पुणे काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

७/ स्वातंत्र्यानंतर ‘चारित्र्य व पूर्वेतिहास पडताळणी’ सरकारी नेमणुकीचा नेहमीचा भाग बनली. मध्य प्रदेशात नगरपालिकेच्या शाळेतील एका शिक्षकाला, शाळा सरकारने ताब्यात घेतल्यावर, शासकीय सेवेत सामावून घेण्यात आले. १९७४ साली पोलिसांचा अहवाल आला की त्याने पूर्वी रा. स्व. संघ आणि जनसंघ यांच्या कार्यक्रमांत भाग घेतला होता. एवढ्यावरून त्याची सेवा संपवण्यात आली.

८/ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९८३ साली न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने राज्य सरकारची बाजू फेटाळली. पूर्वीच्या राजकीय मतांवरून आणि पोलिसांच्या गुप्त अहवालावरून एखाद्याची भाकरी हिरावून घेणे राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांशी विसंगत आहे, हा त्या निकालाचा गाभा. अमेरिकेतील मॅकार्थी काळाचे स्मरणही त्यात आले आहे.

९/ २०१६ च्या अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पडताळणीचे नियम एकत्र मांडले. उमेदवाराने खरी माहिती देणे बंधनकारक आहे. खरी माहिती दिली तरी नेमणूक मिळेलच असे नाही. पूर्वेतिहास विचारात घेण्याचा अधिकार नियोक्त्याला आहे. पण तो मनमानीने वापरता येत नाही. तरुण वयातील घोषणाबाजीसारखा किरकोळ गुन्हा दुर्लक्षिता येतो. अर्जातील प्रश्न नेमका हवा; जे विचारलेच नाही ते लपवल्याचा दोष देता येत नाही.

१०/ त्याच निकालातील आणखी दोन मुद्दे महत्त्वाचे. माहिती लपवल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी ती गोष्ट उमेदवाराला ठाऊक होती, हे दिसले पाहिजे. आणि कर्मचारी सेवेत कायम झाला असेल, तर या कारणावरून काढण्यापूर्वी विभागीय चौकशी आवश्यक आहे. सरकारी नोकरीतील हे संरक्षण खासगी नोकरीत जसेच्या तसे लागू होत नाही. तेथे नेमणूकपत्रातील अटी आणि करार यांवर बरेच अवलंबून असते. म्हणूनच ‘पडताळणीच्या अधीन’ हे दोन शब्द सही करण्यापूर्वी नीट वाचावे लागतात.

११/ १८६९ आणि २०१६ या दोन टोकांना जोडणारा धागा एकच. पडताळणी कागद तपासते. कागदाचा अर्थ मात्र माणूस लावतो, आणि तो चुकू शकतो. ‘सोळा’ या एका आकड्याचे दोन अर्थ होते आणि त्यांतला एकच आयोगाला ठाऊक होता. उमेदवाराचा सर्वांत मोलाचा हक्क नोकरी हमखास मिळण्याचा नाही. आपल्याविरुद्ध कोणता कागद आला आहे हे कळण्याचा, आणि निर्णय होण्यापूर्वी त्याचा अर्थ सांगता येण्याचा तो हक्क आहे. श्रीपाद ठाकूर पुढे मुंबई इलाख्यात अधिकारी झाले, ते हा अर्थ वेळेत सांगितला गेला म्हणून.