दीड तिकिटातली सुट्टी

लहान मूल घेऊन, खिशाला फार चाट न लावता चार दिवस कुठे जायचं, हा प्रश्न आपल्याच पिढीला पडलाय असं आपल्याला उगीच वाटतं. एक्सेल शीट आपली, प्रश्न जुना.

सध्या आमच्या घरात तोच चाललाय. नोकरी पुण्यात, घर सोलापूरला, मुलगी तीन वर्षांची आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. शीटमध्ये तीन ओळी आहेत: रजा, प्रवास, मुक्काम. गंमत म्हणजे या तिन्ही ओळींना इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आमच्याच जिल्ह्यातून जातो. या वीकेंडला तोच सांगतो.

पहिली ओळ रजेची. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. १८७७ साली इथली पहिली गिरणी निघाली, ती पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणूनच ओळखली गेली. मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. सुरुवातीच्या काळात गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरण्यांत १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली, आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. पण रविवार म्हणजे सहल नव्हे. चार दिवस कुठे जायचं तर पगार कापून जाणार कोण? फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि माणसं पहिल्यांदाच समुद्र बघायला निघाली. आपल्याकडे कारखान्यांसाठी भरपगारी रजा १९४५ च्या दुरुस्तीने आली. मग १९४८ च्या कायद्यात नियम झाला: कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा. आपण पोर्टलवर ‘पीएल बॅलन्स’ बघतो ना, त्याचं हे मूळ.

माझे आजोबा गिरणीत होते. रजा मिळाल्यावर ते कुठे गेले? महाबळेश्वरला नाही. जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा, आणि वर्षातून एकदा पंढरपूर नाहीतर गाणगापूर. आमच्याकडे ‘फिरायला चाललो’ असं कुणी म्हणायचंच नाही. ‘देवाला चाललो’ म्हणायचे. फिरणं म्हणजे उधळपट्टी, देवाला जाणं म्हणजे कर्तव्य. एकदा देवाचं नाव घेतलं की पैसे खर्च करायला, पोरांना पाळण्यात बसवायला आणि सुनेला घराबाहेर पडायला कुणाची हरकत नसायची. माझ्या मते मराठी माणसाची पहिली फॅमिली हॉलिडे ती हीच.

दुसरी ओळ प्रवासाची. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली, पण पंढरपूर मुख्य लाइनवर नव्हतं. बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरायचं आणि पुढचे पन्नासेक किलोमीटर बैलगाडीने किंवा पायी. तान्हं मूल घेऊन. यात्रेत पटकीची साथ यायची ती वेगळीच. ही अडचण सोडवली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे त्याने १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू केली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. आपल्या लोकांना आवडेल असं त्याचं डिझाइन आहे: कुठल्याही एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलके चालतात आणि बांधायचा खर्च उतरतो. कमी बजेटमध्ये काम कसं करावं याचा धडाच म्हणा.

मग १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि हळूहळू गाव तिथे एसटी झाली. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. रेल्वेतही पाचच्या आतलं मूल वेगळी सीट न घेता फुकट. पाच ते बाराला वेगळा बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. आता हिशोब करा. मी एक, बायको अर्धी, पोरगी शून्य. दीड तिकिटात तिघं!

(जाता जाता: एलटीएची करसवलत चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवासांना मिळते, तीही देशातल्या प्रवासाच्या फक्त भाड्यावर. नवीन करप्रणाली घेतली असेल तर विसरा.)

तिसरी ओळ मुक्कामाची. पंढरपुरात मठ आणि धर्मशाळा पूर्वीपासून होत्या. खोली स्वस्त, पण स्वयंपाक आपला आपण. आमची आजी पंढरपूरला जाताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्यायची. आठवडाभर टिकतात, हॉटेलचा खर्च वाचतो. हे सगळे कौतुकाने सांगतात. मीही सांगायचो. मग एकदा आजीला विचारलं, यात्रेत तू काय काय बघितलंस? ती म्हणाली, “देव बघितला आणि चूल बघितली.”

तिथे मी अडकलो. भाकऱ्या आदल्या रात्री तिने थापल्या. धर्मशाळेत चूल तिने पेटवली, पोरांचे कपडे तिने धुतले. आजोबांची रजा भरपगारी होती, पोरांना तिकीट अर्धं होतं, आजीला मात्र रजाच नव्हती. आमची सुट्टी स्वस्त पडायची कारण तिच्या कामाची किंमत हिशोबात धरलेलीच नसायची. ही ओळ भरायला फार वेळ लागला. अक्कलकोटला १९८८ मध्ये अन्नछत्र मंडळ सुरू झालं, तिथे जेवणाचं ताट समोर येतं. मला ती सुद्धा रजेच्या इतिहासातली एक तारीख वाटते.

म्हणून आमच्या शीटमध्ये आता चौथी ओळ आहे: बायकोची रजा. तिलाही ऑफिस आहे, तिचे पीएलही माझ्याइतकेच मोजके आहेत. किचनवाली खोली स्वस्त मिळते, पण ती या ओळीत महाग पडते.

प्लॅन असा ठरलाय. मुक्काम सोलापूरला आईबाबांकडे. दिवसाला एकच ठिकाण, कारण तीन वर्षांचं मूल दुपारी झोपतं आणि झोपलं नाही तर कुणालाच झोपू देत नाही. एक दिवस अक्कलकोट, चाळीसेक किलोमीटर, जेवण अन्नछत्रात. एक दिवस नळदुर्ग, साधारण तेवढंच लांब. तिथलं पाणीमहालाचं धरण इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं. एक दिवस विजापूर, अंतर शंभरेक किलोमीटर, तेव्हा रेल्वेने. गोल घुमटात आवाज घुमतो, आणि पोरांना ओरडायला परवानगी असलेली इमारत कुठे मिळते? :-)

चौथा दिवस रिकामा. त्या दिवशी स्वयंपाक मी आणि बाबा करणार, आई आणि बायको वाटेल तिकडे जाणार. मेन्यू सोपा ठेवलाय. भाकरी थापायला बाबांनाही येत नाही, त्यामुळे ती विकत आणू. तेवढा खर्च शीटमध्ये धरलाय.