पाटकरी बदलतो, शेते तीच

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरची फड पद्धत आपल्या परिचयाची आहे. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या शेताला केव्हा सोडायचे, हे पाटकरी पाहतो. संगणकात हे काम कर्नल करतो. प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी तो सर्व प्रोग्रॅमना वाटून देतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा कर्नल लिहिला, तो ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. पुढे पाळीचे नियम बदलत गेले. २००७ साली २.६.२३ या आवृत्तीत प्रत्येकाला न्याय्य वाटा देऊ पाहणारी पद्धत आली. २०२३ साली ६.६ मध्ये तिची जागा दुसरीने घेतली. जुने प्रोग्रॅम मात्र चालत राहिले.

यंत्रांचे तसे नाही. २०१३ सालच्या ३.८ आवृत्तीतून खुद्द ३८६ लाच वगळले गेले!

सुरक्षेतील त्रुटी दूर होतात म्हणून नवा कर्नल हवाच. पण शाळेतल्या जुन्या संगणकावर तो बसवताना आपण जुना पुसू नये. दोन्ही डिस्कवर राहू शकतात. नवा अडलाच, तर संगणक पुन्हा सुरू करून यादीतून जुना निवडावा. नव्या पाटकऱ्याची पाळी नीट बसेपर्यंत जुन्याला निरोप कशाला द्यायचा?