पुतळा हलविण्याची रीत

परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, आणि त्याच्यापुढे भारतीय संविधानाची प्रतिकृती. १० डिसेंबर २०२४ रोजी एका इसमाने त्या प्रतिकृतीची नासधूस केली. दुसऱ्या दिवशी शहर बंद राहिले, जाळपोळ झाली, धरपकड झाली; आणि धरलेल्यांपैकी कायद्याचा एक तरुण विद्यार्थी १५ डिसेंबरला, न्यायालयीन कोठडीत असतानाच, मरण पावला. बाबासाहेबांचा पुतळा असावा की नसावा असा वाद आमच्या गावात कोणी काढलेला नाही, तेव्हा आजच्या विषयाशी ह्या दुःखद प्रकरणाचा थेट संबंध नाही. तथापि, पुतळा म्हणजे धातूचा ठोकळा, त्याच्यासाठी माणसांनी एवढे का पेटावे, असे बैठकीत तक्क्याला टेकून विचारणाऱ्यांस त्या आठवड्याचे स्मरण द्यावे असे आम्हांस वाटते. पुतळ्यासमोरून जाताना कोणाची मान ताठ होते व कोणाची खाली जाते, हे ज्यास ठाऊक नाही त्याने ह्या विषयावर न बोललेले बरे.

हा लेख लिहिण्यास निमित्त झाले ते एका शिक्षकाच्या प्रश्नाचे. वाचनालयाच्या ओट्यावर आम्ही दोघे पाऊस थांबण्याची वाट पाहत बसलो असता त्याने विचारले, “सर, ज्यांच्याविषयी वाद आहे त्या माणसांचे पुतळे काढून टाकावेत की ठेवावेत? पुतळा काढला म्हणजे इतिहास पुसला, असे म्हणतात ते खरे काय?” त्या वेळी आम्ही काहीतरी गोलमाल उत्तर दिले. पाऊस थांबला व तो गेला. प्रश्न मात्र राहिला.

आम्हां मराठवाड्यातील लोकांस ह्या प्रश्नाचा अनुभव निराळ्या वाटेने आला. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईत राणीचे व राजपुत्रांचे पुतळे उभे राहिले, तशी रीत आमच्या गावांत रुळलीच नाही. आसफजाही राजवटीने आपली आठवण ठेवली ती गावांच्या नावांत. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचे उस्मानाबाद २०२३ साली धाराशिव झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच निजामाच्या सरकारने १९१८ साली परभणीस प्रायोगिक शेत काढले, ज्वारी-कापसाच्या संशोधनास येथे जागा मिळाली, आणि १९७२ साली परभणीस जे कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच्या पूर्वपीठिकेत ह्या शेताचे नाव येते. ज्या राज्यात अखेरच्या दिवसांत रझाकारांनी हैदोस घातला, त्याच राज्याचे हे काम. परभणीच्या चौकात निजामाचा पुतळा असता तर १९४८ साली लोकांनी तो पाडला असता. आणि आमच्या वाडवडिलांनी दोराला हात लावला असता तर आम्हांस त्यात काही गैर वाटले नसते. शेत मात्र कोणी ओसाड टाकले नाही. माणसाने काय केले ह्याची नोंद ठेवणे निराळे, आणि त्याला चौकात उंच जागी बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मान मागणे निराळे. पुतळा हा दुसऱ्या जातीचा आहे. ज्याचा तो असतो त्याच्याविषयी तो फारच थोडे सांगतो. ज्यांनी तो बसविला त्यांच्याविषयी पुष्कळ सांगतो.

मुंबईचे उदाहरण घ्या. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ साली मुंबईत बसला. ह्या पुतळ्यावरून राणीचा स्वभाव कळत नाही. परंतु एका मराठी संस्थानिकास आपली राजनिष्ठा कोणत्या मोलाने दाखवावी लागे, हे स्वच्छ कळते. १८९६ साली चापेकर बंधूंनी त्या पुतळ्यास डांबर फासले व गळ्यात जोड्यांची माळ घातली. दामोदर चापेकरांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात ते कबूलही केले. सातवा एडवर्ड राजपुत्र असतानाचा त्याचा अश्वारूढ पुतळा ससून घराण्याच्या देणगीतून १८७९ साली उभा राहिला, त्याच्यावरूनच त्या भागाचे नाव काळा घोडा पडले. १९६५ साली हे पुतळे रस्त्यांवरून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात नेण्यात आले. इंग्रजांचे राज्य ह्यामुळे कोणी विसरले काय? काळा घोडा हे नाव तर घोडा गेल्यावरही लोकांच्या तोंडी टिकले, इतके की २०१७ साली तेथे नवा घोडा बसविण्यात आला. पाठीवर स्वार मात्र नाही! लोकांस घोडा हवा होता, राजपुत्र नको होता, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा पुतळा हलविल्याने इतिहास पुसतो हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. परंतु पुतळा हलविल्याने इतिहास सुधारतो, हे त्याच्या उलट टोकाचे म्हणणेही तितकेच पोकळ आहे; आणि ह्याला साक्ष पुण्याची.

आमच्या पिढीने चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात दादोजी कोंडदेवांना बाळ शिवाजीचे शिक्षक म्हणून वाचले. पुण्याच्या लाल महालात जिजाऊ, सोन्याचा नांगर धरलेले बालशिवाजी व दादोजी असे समूहशिल्प होते. दादोजींविषयी अस्सल साधने काय सांगतात? ते मलठणचे कुलकर्णी, कोंडाण्याचे सुभेदार, शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचे कारभारी. त्यांच्या वेळचे निवाडे उपलब्ध आहेत. १६४७ साली ते वारले. राजाराम महाराजांच्या काळी जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत ते येतात ते शहाण्या कारभाऱ्याच्या नात्याने. गुरुपद त्यांना पुढच्या काळाने दिले, आणि मालकाच्या बागेतला आंबा तोडल्याबद्दल आपलीच बाही कापून घेणारा कारभारी ही गोष्टही दंतकथेच्याच प्रांतातली. शिवरायांस घडविण्याचे श्रेय जिजाऊ व शहाजीराजे यांजकडून काढून एका ब्राह्मण कारभाऱ्यास दिले गेले, ही ब्राह्मणेतर समाजाची तक्रार म्हणून निराधार नव्हती. तिला धार चढली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. २००३ साली एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकात जिजाऊंच्या चारित्र्यावर शिंतोडा उडविणारे एक विधान आले. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, आणि ज्या संस्थेने आयुष्यभर पोथ्या जपल्या तिच्या पोथ्यांची धूळधाण झाली. ह्या संतापातच दादोजींचा प्रश्न सापडला.

पुढे पुणे महापालिकेच्या सभेने पुतळा हलविण्याचा ठराव केला. म्हणजे अधिकार होता, ठराव होता, बहुमत होते. असे असता २७ डिसेंबर २०१० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, गाव झोपेत असताना, पोलिसांच्या पहाऱ्यात दादोजींना लाल महालातून हलविण्यात आले. दुसऱ्या दिवशी पुणे बंद. आमचा आक्षेप पुतळा हलविण्यास नाही, त्या वेळेस आहे. चापेकरांनी काळोखाचा आश्रय घेतला. ते परक्या राज्याचे प्रजाजन होते, त्यांना मत नव्हते, सभागृह नव्हते, आणि पकडले गेल्यास पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक होते. परंतु ज्या सभेच्या हाती सत्ता आहे तिने काळोख का शोधावा? दिवसाढवळ्या, त्या जागी उभे राहून, “दादोजी कारभारी होते, गुरू असल्याचा पुरावा नाही, म्हणून ह्या शिल्पात त्यांना हे स्थान देता येत नाही,” एवढे दोन ओळींत वाचून दाखविले असते, तर विरोधकांस उत्तर द्यावे लागले असते व समर्थकांस पुरावा मांडावा लागला असता. रात्रीच्या कामामुळे दोन्ही पक्ष सुटले. एक म्हणतो, चोरी झाली. दुसरा म्हणतो, विजय झाला. कारभारी की गुरू, हा मूळ प्रश्न जेथल्या तेथे.

राम गणेश गडकऱ्यांच्या बाबतीत तर ठरावही नव्हता. ३ जानेवारी २०१७ रोजी पुण्याच्या संभाजी उद्यानातील त्यांचा पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडून मुठेच्या पात्रात टाकला. ‘राजसंन्यास’ ह्या त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात संभाजी महाराजांचे चित्र विकृत आहे, हा आरोप. चित्र तसे आहे, हे गडकऱ्यांवर प्रेम करणाऱ्यांनी मोकळेपणाने कबूल केले पाहिजे, आम्हीही त्यांतलेच. पण गडकऱ्यांच्या हाती होत्या त्या बखरी. त्यांपैकी मल्हार रामराव चिटणिसाची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजास, बाळाजी आवजीस, संभाजी महाराजांनीच देहान्त शासन केलेले. गडकरी १९१९ साली तेहतिसाव्या वर्षी गेले. वा. सी. बेंद्रे यांचे ‘छत्रपती संभाजी महाराज’ आले १९६० साली, जवळजवळ चाळीस वर्षांच्या परिश्रमानंतर. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ साली. संभाजी महाराजांवरचा कलंक धुतला तो ह्या दोन ग्रंथांनी, दप्तरखान्यांची धूळ खाऊन. शिवछत्रपतींचे म्हणून घरोघर लावले जाणारे चित्र त्यांचे नव्हेच, हे दाखवून अस्सल चित्र पुढे आणणारेही बेंद्रेच. मूर्ती बदलावी कशी, हे त्या माणसाकडून शिकावे! त्यांचा ग्रंथ निघून सत्तावन्न वर्षे लोटल्यावर ज्यांनी गडकऱ्यांना नदीत टाकले, त्यांनी महाराजांच्या चरित्रात एका अक्षराची भर घातली नाही.

असाच प्रसंग विलायतेत ब्रिस्टल शहरी घडला. गुलामांच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा ७ जून २०२० रोजी जमावाने ओढून बंदरात लोटला. शहराने तो चार दिवसांत बाहेर काढला, पुन्हा चौथऱ्यावर चढविला नाही, धुऊन-पुसूनही ठेवला नाही. अंगावरच्या रंगासकट तो संग्रहालयात आडवा ठेवून लोकांस दाखविला. आमच्याकडे मातीच्या गणपतीसही उत्तरपूजा केल्यावाचून, अक्षता टाकल्यावाचून, घरातली माणसे जमल्यावाचून कोणी जागचे हलवीत नाही. ब्रिस्टलकरांस उत्तरपूजा ठाऊक नसावी. पण त्यांनी केले ते तिच्या जवळचे.

येथे कोणी आम्हांस अडवील. दिवसाढवळ्या, ठरावाने, पुराव्याने, हे सारे तुम्हांस सोपे आहे. ज्याला रोज त्या पुतळ्याखालून जावे लागते त्याने किती वाट पाहावी? हा प्रश्न आम्हांस निरुत्तर करतो, आणि मराठवाड्याच्या माणसास तर विशेषच. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. भर दिवसा, नियमाप्रमाणे. त्यानंतर परभणी-नांदेडकडील खेड्यांत दलितांची घरे जळाली, माणसे मेली, आणि नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही विस्तार करून. उजेडात केलेल्या ठरावास सोळा वर्षे अंधारात बसविणारे आमच्याच समाजातले सुशिक्षित लोक होते. पुष्कळसे आमच्या ओळखीचे. तेव्हा धीर धरण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस फारसा उरलेला नाही. तरीही नदीत टाकलेल्या पुतळ्याने कोणा पीडितास न्याय मिळाल्याचे आम्ही अद्याप पाहिले नाही.

तो शिक्षक परवा पुन्हा भेटला. शाळेची सहल पुण्या-मुंबईस नेण्याचे त्याच्या मनात आहे. लाल महालात मुलांस काय सांगू, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, येथे आणखी एक आकृती होती, ती कोणाची, कोणी बसविली, कोणत्या रात्री कोणी हलविली, तेवढे सांग. पुरावा काय आहे तोही सांग, आणि मुले विचारतील त्यास उत्तर दे. मग मुंबईत त्यांना राणीच्या बागेतही ने. काही वर्षांपूर्वी आम्ही तेथे गेलो असता झाडाखालच्या एका दगडी राजपुरुषाच्या सावलीत कोणी कुटुंब डबा सोडून बसले होते, आणि लहान मुलगी त्याच्या चौथऱ्यावर चढण्याची खटपट करीत होती. आईने तिला हा कोण ते सांगितले नाही. पडशील, एवढेच म्हणाली.