इशाऱ्यापलीकडे : बांगलादेशातील चक्रीवादळ निवारे

१२ नोव्हेंबर १९७०च्या चक्रीवादळाने तत्कालीन पूर्व पाकिस्तानात किमान ३ लाख बळी घेतले. त्यानंतर १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या साहाय्याने पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. स्वयंसेवक कर्णे व ध्वज घेऊन गावोगाव इशारा देऊ लागले. तरीही १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार लोक दगावले. इशारा ऐकूनही अनेकांनी घर सोडले नव्हते. निवारे अपुरे, त्यांत स्त्रियांना आडोसा नाही. आणि गुरे मागे टाकणे म्हणजे उद्याची उपजीविकाच टाकणे. गुरांसाठी उभारलेले मातीचे उंचवटे (तिकडे त्यांनाच 'किल्ला' म्हणतात) थोडेच होते. पुढे निवारे वाढले, अनेक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या आल्या. २००७च्या 'सिद्र'मध्ये बळींची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. पुनर्वसन मात्र रेंगाळते : २००९च्या 'आयला'ने बांध फोडल्यावर शेतांत खारे पाणी साचले आणि अनेक कुटुंबे दीर्घकाळ बांधांवरच राहिली.