दातांखाली वाजणारं चीज

मॉन्ट्रियलमध्ये कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला 'देपानर' म्हणतात. आमच्या देपानरात गल्ल्याशेजारी प्लास्टिकच्या पिशव्यांत चीजचे वेडेवाकडे खडे ठेवलेले असत. फ्रिजमध्ये नव्हे, उघड्यावर. साताऱ्याहून नवीनच आले होते, तेव्हा मला तो दुकानदाराचा आळस वाटला. वरच्या मजल्यावरच्या मादाम एका शुक्रवारी तिथेच भेटल्या. त्यांनी पिशवी फोडून एक खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि चावायची खूण केली. चावला, तर तो वाजला! ओल्या काचेवर बोट घासल्यासारखं 'कुईं'. मादाम खूश झाल्या. न वाजणारं चीज त्यांच्या लेखी शिळं.

मादामचं माहेर व्हिक्टोरियाव्हिलच्या बाजूचं, गाईगुरांच्या मुलखातलं. पुटीनचा, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर हे खडे आणि त्यावर गरम तपकिरी सॉस, या पदार्थाचा जन्म त्याच पट्ट्यातला. (इथले लोक उच्चार 'पुट्सिन' असा करतात. मला अजून नीट जमत नाही.)

त्या मुलखातच का, याचं उत्तर त्या आवाजात आहे. हे खडे म्हणजे अर्ध्यावर थांबवलेलं चेडर. दूध विरजण आणि रेनेट लावून गोठवायचं, कापायचं, तापवून निवळी काढून टाकायची, उरलेल्या लाद्या एकावर एक रचून उलटपालट करायच्या, मग तुकडे करून मीठ चोळायचं. इथून पुढे साच्यात दाबून महिनोन्महिने ठेवलं की चेडर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्वेबेकच्या खेड्यापाड्यांत असे छोटे कारखाने होते आणि त्यांचं चेडर जहाजानं इंग्लंडला जाई. तो व्यापार ओसरला, पण गावातले चीजवाले टिकले आणि साच्यात न गेलेले खडे शेजारीपाजारी विकत राहिले. ताज्या चीजमधली प्रथिनं कॅल्शियमनं घट्ट बांधलेली, रबरासारखी असतात. ती दातावर घासली की आवाज येतो. आंबटपणा वाढला की ते बंध सुटतात आणि एक-दोन दिवसांत चीज मुकं होतं. फ्रिजमध्ये तर आणखी लवकर. म्हणूनच क्वेबेकच्या नियमांत ते चोवीस तास बाहेर ठेवायची मुभा आहे. जो जिन्नस एका दिवसात गप्प बसतो, त्याचा पदार्थ कारखान्यापासून लांब कसा जन्माला येणार?

जन्माची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट वॉरविक या गावची, १९५७ सालची. फेर्नां लाशांस यांच्या खानावळीत एक गिऱ्हाईक आलं आणि फोडी आणि चीज एकाच पिशवीत घालून द्या म्हणालं. याचा नुसता राडा होईल, अशा अर्थाचं काहीतरी लाशांस बोलले म्हणतात. राड्याला तिकडच्या बोलीत 'पुटीन'. सॉस मात्र त्या पिशवीत नव्हता. तो लाशांसनी काही वर्षांनी घातला, फोडी गरम राहाव्यात म्हणून.

आता त्याच पट्ट्यातल्या ड्रमंडव्हिलचं ऐका. तिथे 'ल रॉय जुसेप' नावाच्या हॉटेलात झां-पोल रॉय फोडी-सॉस विकत होते. गिऱ्हाइकं गल्ल्यावरची चीजची पिशवी विकत घेऊन बशीत ओततात हे पाहून त्यांनी १९६४ मध्ये तिन्ही एकत्र द्यायला सुरुवात केली. पुटीनचे जनक आपणच, असं ते हॉटेल आजही मिरवतं. वॉरविकवाले हसतात. मिसळ कोल्हापूरची, पुण्याची की नाशिकची, हा वाद ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. पण माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टींत मालकाच्या हाताखालून निसटलेली एक व्यक्ती आहे: गिऱ्हाईक. चीज फोडींवर ओतायची बुद्धी दोन्हीकडे त्याचीच, आणि पाटीवर नाव मात्र मालकाचं.

नावाचीही गंमत आहे. फ्रेंच वर्तमानपत्रांत रशियाच्या अध्यक्षांचं आडनाव हुबेहूब 'पुटीन' असंच लिहितात. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा जनकपण मिरवणाऱ्या त्याच 'ल रॉय जुसेप'नं काही काळ तो शब्द टाकून दिला होता. नावावरूनच आठवलं, बटाट्याला मादाम 'पोम द तेर' न म्हणता 'पातात' म्हणतात. क्वेबेकच्या घराघरांत हाच शब्द. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आलेला. दोन्ही शब्दांचं मूळ कॅरिबियन बेटांवरचं, रताळ्याचं नाव. मी मंडईत 'बटाटा' म्हटलं तर भाजीवाल्याला निम्मं कळतं.

मला जास्त रस आहे तो या पदार्थाच्या लाजेत. कितीतरी वर्षं पुटीन म्हणजे रस्त्याकडेच्या टपरीवरचं, गावंढळ, रात्री पिऊन आल्यावर खायचं अन्न. इंग्रजी कॅनडानं तर क्वेबेकवाल्यांना चिडवायलाच ते वापरलं. २००० साली रिक मर्सर या विनोदवीरानं अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या जॉर्ज बुश यांना सांगितलं, की कॅनडाचे पंतप्रधान 'झां पुटीन' यांचा तुम्हाला पाठिंबा आहे. बुश यांनी आभार मानले. सारा देश हसला. मादाम हसल्या नव्हत्या. मग वर्षभरातच मॉन्ट्रियलमध्ये मार्तां पिकार या शेफनी आपल्या 'ओ पिये द कोशों' या हॉटेलात बदकाच्या फुगवलेल्या यकृताचं पुटीन वाढायला घेतलं आणि सुटाबुटातली माणसं रांगेत उभी राहिली. २०१६ मध्ये व्हाइट हाउसनं कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांच्या मेजवानीत त्याचे इवलेसे घास फिरवले. आता ते 'कॅनडाचं' झालं. मादामना हे चिडवण्यापेक्षाही जास्त लागतं.

घरी ते करायला मी त्यांच्याकडेच शिकले. आधी एका मॉलमध्ये खाल्लं होतं. त्यावर किसलेलं मोझरेला होतं, पिझ्झाचं. ते वितळून फोडींवर पांघरूण घालतं, वाजत काही नाही. मादामनी ऐकून फक्त डोळे मिटले.

आठ माणसांना दोन किलो रसेट बटाटे. जाड फोडी पाण्यात तासभर, मग फडक्यावर अगदी कोरड्या. कढईत दोनदा तळायच्या: आधी मंद आचेवर, रंग न येऊ देता. मग निववून, तेल चांगलं कडक तापल्यावर. चीज फ्रिजमध्ये असलंच तर दोन तास आधी बाहेर काढून ठेवायचं. गार खडे सॉसलाही गार करतात.

सॉस मात्र आमच्या घरचा वेगळा. सासूबाई उन्हाळ्याला आल्या होत्या, त्यांना कोंबडीचा रस्सा चालत नाही. लोण्यात कांदा काळपट होईपर्यंत परतला, त्यात मैदा भाजला, अळंब्यांचं पाणी, मिरपूड, थोडं व्हिनेगर. चीजच्या पिशवीवर रेनेट वासराच्या पोटातलं नव्हे, सूक्ष्मजीवांपासूनचं असल्याचंही वाचून घेतलं होतं. मादामनी चमचाभर चाखला, मान डावीउजवीकडे हलवली, आणि आणखी व्हिनेगर घातलं.

परातीत फोडी, त्यावर चीज, पुन्हा फोडी, पुन्हा चीज, वरून उकळता सॉस. ताटल्या मांडल्या होत्या, पण मादामनी त्या बाजूला सारल्या आणि काटे वाटले. सगळ्यांनी परातीतूनच खायचं. सासूबाईंनी आत बघितलं. "अगं, हा तर काला झाला," म्हणाल्या, आणि पहिला काटा त्यांनीच घातला. मी मादामना 'काला'चा अर्थ सांगायला लागले, तेवढ्यात सासूबाई चावायच्या थांबल्या.

"सूनबाई, हे वाजतंय."