निगेचा वार

यंत्रयुगाचा इतिहास सांगताना शोधकांची व कारखानदारांची नावे घेतली जातात. यंत्र पुसणाऱ्याचे, त्याला तेल घालणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. आमच्या मते हा इतिहास जितका शोधांचा, तितकाच निगेचा आहे. आणि निगा हे काम आहे, ते कोणीतरी, कोणत्या तरी वेळी करावे लागते.

मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. सुट्टी ठरलेली नसे. आणि असलीच, तर यंत्रे पुसायला कामगारांना त्या दिवशीही बोलावीत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी केली. १८९० च्या जूनमध्ये मालकांनी ती मान्य केली. त्या लढ्यातून आम्ही एक धडा घेतो. निगेला कामाच्या तासांत जागा दिली नाही, तर ती एक तर कामगाराच्या विश्रांतीतून वसूल होते, नाही तर होतच नाही.

आता आजच्या कारखान्याकडे वळू. आपल्या तालुक्यातील अनेक मुले पुण्यात संगणकाच्या कंपन्यांत आहेत. तेथे प्रोग्राम लिहून झाला म्हणजे तो लगेच गिऱ्हाईकाकडे जात नाही. त्याचे सुटे भाग जोडून, तपासून, पक्का माल तयार करणारी वेगळी यंत्रे असतात. त्यांना बिल्ड एजंट म्हणतात. काही कंपन्या ही यंत्रे भाड्याने घेतात. त्यांची डागडुजी बहुतांशी भाड्याने देणारा पाहतो. काही जण स्वतःची यंत्रे बाळगतात. तेथे सारी निगा आपल्याच अंगावर. प्रोग्रामात भोक सापडले की ते बुजवणारे ठिगळ निघते. त्याला पॅच म्हणतात. मात्र ठिगळ निघणे निराळे आणि ते लावणे निराळे.

या दोहोंमधील अंतराची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका मोठ्या भोकाचे ठिगळ दिले. ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, त्याच भोकातून वॉनाक्राय हा उपद्रव जगभर पसरला. १०५ दिवसांनी, २७ जून रोजी, नॉटपेट्या आला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या गटाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. जालन्याचा मालही बंदरावरूनच परदेशी जातो. तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नव्हे.

यात एक विलक्षण बाब होती. नॉटपेट्या पहिल्यांदा शिरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या सुधारणांबरोबर, म्हणजे विश्वासाच्या वाटेने. मग कोणी म्हणेल, ठिगळातूनच विष येत असेल तर ते लावावे तरी कशाला? या शंकेचे उत्तर ठिगळ टाळण्यात नाही. टाकी गढूळ झाली म्हणून गाव पाणी पिणे सोडत नाही. टाकी धुण्याचा वार ठरवते. घरोघरच्या संगणकांना जेथून माल जातो, ते जोडणीचे यंत्र म्हणजे ही टाकी होय.

डिसेंबर २०२० मध्ये हे जगाला कळून चुकले. अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या प्रोग्रामची जोडणी चालू असतानाच घुसखोरांनी त्यात आपला भाग मिसळला होता. लिहिणाऱ्यांचे लिखाण जागच्या जागी होते, पक्का माल मात्र बाटला. तो सुमारे १८,००० गिऱ्हाइकांपर्यंत पोचला असावा, असा कंपनीचाच अंदाज होता. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये एजंटांना काम वाटून देणाऱ्या टीमसिटी या सर्व्हरमध्ये भोक सापडले. जेटब्रेन्स कंपनीने आपल्याकडील यंत्रे स्वतः दुरुस्त केली व इतरांसाठी ठिगळ दिले. ज्यांची यंत्रे स्वतःची होती, त्यांनी ते स्वतः लावायचे होते. सर्वांनी लावले नाही. डिसेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन व पोलंड येथील सरकारी संस्थांना जाहीर इशारा द्यावा लागला, की रशियाचे हेर त्याच भोकातून शिरत आहेत.

हे आळसाने घडते असे आम्हांस वाटत नाही. एजंट कोपऱ्यात मुकाट चालतो; त्याची नोंद कोणाच्याच वहीत नसते. थांबवला तर माल थांबतो, म्हणून ‘चालले आहे ना, मग हात कशाला लावता?’ असे वरून सांगितले जाते. अखेर ते काम कोणा तरुणाच्या रात्रीवर ढकलले जाते, आणि उपद्रव झाला की दोषही त्याच्याच माथी बसतो.

उपाय साधे आहेत. प्रत्येक एजंटाची नोंद असावी व तिच्यापुढे जबाबदार माणसाचे नाव असावे. ठिगळाचा वार ठरलेला असावा. तातडीचे ठिगळ मात्र वाराची वाट पाहू नये. जुन्या यंत्राला जोड देत बसण्यापेक्षा, शक्य तेथे दुरुस्त नमुन्यावरून नवे उभारून जुने टाकून द्यावे. एजंटाच्या हाती गरजेपुरत्याच किल्ल्या असाव्यात. आणि हे सारे पगारी तासांत मोजले जावे.

गिरणीत पुसण्याचे काम सुट्टीतून वसूल होत असे, आज ते झोपेतून होते. निगेचे तास मागणे ही कामगाराची मागणी आहेच. पण त्या टाकीचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराचीही ती मागणी असली पाहिजे.