शालेय मानसशास्त्राचे उच्च शिक्षण आणि नाशिकचा विद्यार्थी

शालेय मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पात्रतेच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. अर्ज कोणत्या विभागाकडे करावयाचा, हा तो प्रश्न होय. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र की समाजकार्य? ही संदिग्धता विद्यार्थ्याच्या अज्ञानातून आलेली नाही. तिचे मूळ या विषयाच्या इतिहासात आहे.

अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चिकित्सालय उघडले, ते शाळेत मागे पडणाऱ्या मुलांच्या प्रश्नामुळे. १९५४ च्या थेअर परिषदेने या कामासाठी डॉक्टरेटचा एक आणि दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा दुसरा, असे दोन स्तर सुचविले. व्यवसायाचे नाव व त्याची पात्रता यांची तेथे अशी सांगड घातली गेली.

मुंबई इलाख्यात मात्र हेच कार्य निरनिराळ्या दारांनी आले. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. ते समाजकार्याचे दार. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने शाळांसाठी मार्गदर्शन अधिकाऱ्यांची शिफारस केली. ते शिक्षणखात्याचे दार. विद्यापीठांत मानसशास्त्र हा विषय दीर्घकाळ तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान यांच्या छायेत होता.

नाशिकचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ साली स्थापन झाले, तेव्हा त्याचा संबंध मुंबई विद्यापीठाशी होता. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि नाशिक त्याच्या कार्यक्षेत्रात आले. या नव्या विद्यापीठातील मानसशास्त्र विभागाचे नावच ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ असे होते. प्रयोगशाळेतील शिस्त विद्यार्थ्यास तेथे लाभली. शाळेतील मुलाशी गाठ पडण्यासाठी मात्र त्याला अन्यत्र जावे लागे. पुढे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने शालेय मानसशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर पदविका सुरू केली, तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली.

नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. घर वा नोकरी न सोडता शिकण्याची सोय ही दूरशिक्षणाची मोठी देणगी होय. मानसशास्त्राचे अनेक विद्यार्थी देशभर याच मार्गाने शिकले. परंतु आरोग्यविषयक व्यवसायांसंबंधी २०२१ चा केंद्रीय कायदा झाल्यानंतर, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली. मुलाची परीक्षा करणाऱ्यास प्रत्यक्ष देखरेखीखाली सराव हवा, हा विचार योग्यच आहे. तथापि सुरगाणा किंवा पेठ येथील नोकरदार शिक्षकाला त्याची किंमत द्यावी लागते, हेही नाकारता येत नाही.

या किमतीचे मोल भाषेच्या प्रश्नातून स्पष्ट होते. बिने व सिमॉन यांची १९०५ ची कसोटी पॅरिसच्या मुलांसाठी होती. डॉ. वि. वि. कामत यांनी धारवाड येथे बिने कसोटीचे कानडी व मराठी रूप सिद्ध केले, आणि १९४० मध्ये त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ भाषांतराने कसोटी आपली होत नाही. प्रत्येक प्रश्न मुलांपुढे ठेवून पारखावा लागतो, हा त्या कार्याचा धडा होय. नाशिक जिल्ह्यात मालेगावला उर्दू, बागलाणात अहिराणी, तर पश्चिमेकडील डोंगरी भागात कोकणा व वारली या बोली घरोघर बोलल्या जातात. प्रमाण मराठीतील प्रश्न न उमगलेल्या मुलावर मंदबुद्धीचा शिक्का बसण्याचा धोका तेथे सदैव असतो.

तात्पर्य, या मुलांची बोली जाणणारा शिक्षक ज्या वाटेने मानसशास्त्राकडे येऊ शकत होता, तीच वाट आता अरुंद झाली आहे. प्रत्यक्ष सरावाचा आग्रह कायम ठेवून त्याची सोय जिल्ह्यातच करणे, हाच त्यावरील उपाय होय. तसे झाल्यास अर्ज कोणत्या विभागाकडे करावयाचा, या प्रश्नाचे उत्तरही अर्जदारास घरापासून फार दूर शोधावे लागणार नाही.